पडद्यामागच्या बाया

जळगावच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागला होता. साहेबाच्या राज्यातल्या एका बेटाचा मुका सिनेमा, सगळं खरंखुरं, असं दवंडीवाला सांगून गेला. सुगंधाबाईचा भाऊ कौतिक बारा वर्षांपूर्वी ऊस तोडायच्या करारावर गेला, तो त्याच बेटावर. तेव्हापासून पत्र नाही. म्हणून ती नवऱ्याबरोबर असोद्याहून आली. पुरुष पडद्यापुढे बसले, बाया पडद्यामागे; कापडातून चित्र तिकडेही दिसे.

मळ्यातले मजूर डाव्या हाताने कोयता चालवताना दिसले आणि सुगंधाबाई हरखलीच. कौतिक डावखुरा; त्यापायी त्याने आईचा केवढा मार खाल्ला होता! इथे त्याला हसणार कोण? एकच बिचारा उजव्या हाताने तोडत होता. त्याची तिला कीव आली, आणि ती बाकीच्यांचे चेहरे शोधत राहिली. भाऊ काही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेत तिने हे नवऱ्याला, लोटनला, सांगितलं.

"सारे डावखुरे?" लोटन हसला. "अवं, पडद्यामांगून उलटं दिसतं. सारे उजवेच व्हते. डावखुरा एकच व्हता."

सुगंधाबाईचा विळा हवेतच राहिला.

"कसा व्हता हो तो? वाळला व्हता?"

लोटनने डोकं खाजवलं. "म्या कुठं इतकं पाह्यलं?"

"सख्खा मेहुणा तुमचा, अन् हात तेवढा पाह्यला!" तिने विळा खाली टाकला. "आज शेवटचा खेळ हाये. गाडी जुंपा. म्या तुमच्याजोडी पुढंच बसते. लोकांले काय म्हनायचं ते म्हनू द्या."

लोटन बैलांकडे वळला.