गुलाबी मोटारीचा नांगर

साहेब, तुम्ही मोटार चोरलीत. दिवसाढवळ्या, टाळ्यांच्या कडकडाटात चोरलीत, आणि वर ज्याची चोरी झाली त्यालाच बक्षीस दिलंत!

मोटार डहाणू रोड स्टेशनातल्या पार्सल क्लार्कची, सूर्यकांत चुरीची. लांबी पाच इंच, रंग गुलाबी, मॉडेल एकोणसाठचं. अमेरिकेतली खरी गाडी त्रेचाळीस पट लहान केली की ही होते. मागे माशासारखे दोन उभे पर, इतके टोकदार की पुसताना बोटाला लागावेत. बोटीवर नोकरीला असलेल्या मेहुण्याकडून सूर्यकांतने अशा सात गाड्या जमवल्या होत्या. सगळ्या परवाल्या. बिनपराची गाडी त्याला शेपूट तुटलेल्या पालीसारखी दिसे.

"घरात सात मोटारी," त्याची बायको जयमाला म्हणायची, "आणि मी बाजारातून भोपळा डोक्यावर घेऊन चालत येते."

एकसष्टच्या हिवाळ्यात तलासरीला विकास प्रदर्शन भरलं. नमुन्यांचं टेबल ओकंबोकं दिसत होतं, म्हणून ओळखीच्या मास्तरांनी सूर्यकांतला गळ घातली. आपल्या गाड्या चार लोकांनी बघाव्यात, ही त्याची जुनी हौस. खरचटू नयेत म्हणून साती गाड्या त्याने वालाच्या डब्यात, वालात पुरून एस.टी.ने नेल्या.

मग प्रदर्शनाचे सरकारी अधिकारी म्हणून तुम्ही आलात, साहेब. टेबलावरच्या प्रत्येक वस्तूपुढे योजनेची चिठ्ठी हवी, हा तुमचा हुकूम. गुलाबी गाडीपुढे चिठ्ठी नव्हती.

"हे काय?"

"मोटार, साहेब."

"आणि हे मागे?"

"पर."

"उपयोग?"

"काही नाही, साहेब. नुसती ऐट."

"ऐटीची योजना नाही आपल्याकडे," असं म्हणून तुम्ही गाडी उलटी केलीत आणि शेजारच्या झेंडूच्या वाफ्यातून ओढलीत. मातीत दोन सरळ, सुबक चर पडले.

"दुफाळी नांगर!" तुम्ही ओरडलात. "खऱ्याच्या किती पट लहान आहे?"

"त्रेचाळीस. पण साहेब, ती—"

"म्हणजे खरा अठरा फुटी!"

टाळ्या. सूर्यकांतचं "मोटार" त्याखाली चेंगरून मेलं. सायवनच्या रघ्याने तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याचा जन्म नांगरामागे गेलेला.

"साहेब, याला बैल कुठं जुंपायचे?"

तुम्ही काचेतून आत डोकावलात. "आत बसायच्या जागा दिसतायत."

"मग वैरण खिडकीतून घालू?"

रघ्याला मागे रेटलं गेलं. सूर्यकांतला पहिलं बक्षीस मिळालं, एक फावडं आणि प्रशस्तिपत्र. गाडी 'शासकीय नमुना' म्हणून तुमच्या पेटीत गेली.

घरी जयमालाने डबा परातीत ओतला. वाल सगळे होते, गाड्या सहाच.

"हे फावडं कुणाचं?"

"बक्षीस."

"गाडी देऊन फावडं आणलंत? अहो, बोहारणीनेसुद्धा एवढं लुबाडलं नसतं!"

सूर्यकांतने चार अर्ज केले. उत्तर एकाला आलं: नांगर पूर्ण आकारात बनवून शेतात चालवून दाखवल्यास विचार केला जाईल. शेवटी रजा टाकून तो तुमच्या कचेरीत आला. गाडी तुमच्या टेबलावरच होती. पण या खेपेला चाकं आकाशाकडे करून नव्हे, तर नाकावर उभी, पर वर. आणि दोन्ही परांवर आलेले अर्ज टोचलेले. सगळ्यात वरचा त्याचाच.

"हात जोडतो, साहेब. माझी मोटार द्या."

"चुरी, ही मोटार असेल तर मी नांगराला बक्षीस कसं दिलं? मी चुकलो म्हणता?"

सूर्यकांतकडे उत्तर तयार होतं. पगाराची तारीख आठवून त्याने ते गिळलं.

"एक करा," तुम्ही म्हणालात. "'नांगर असल्याचं भासवून मी सरकारची फसवणूक केली' एवढं लिहा, आणि मोटार घेऊन जा."

गाडी हाताच्या अंतरावर होती. एका ओळीचं तर काम. सूर्यकांतने टाक उचलला, गुलाबी पराकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि लिहिलं: 'मी मोटारीला मोटारच म्हणालो. नांगर साहेब म्हणाले.' सही केली, तारीख घातली, आणि कागद डाव्या परावर खसकन टोचला.

तुमच्या शिपायाने त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून तो कचेरीच्या बाकावर फावडं मांडीवर घेऊन बसलाय. रजा शनिवारी संपते. कागद तुमच्या नाकासमोर आहे, साहेब. वाचा, आणि एका शब्दात सांगा: ती मोटार आहे की नांगर?