सुकेशनीचा बर्फ

संचालकांची गाडी दारात थांबली तेव्हा सुकेशनी मागच्या अंगणात आईची लुगडी पिळून दोरीवर टाकत होती. मे महिना होता. शेलूबाजारात सकाळी दहालाच घरावरचा पत्रा तापून कडकड वाजायला लागला होता. आईला जाऊन पाच दिवस झाले होते. धाकटा भाऊ विनोद लगबगीनं मागे आला आणि म्हणाला, "ताई, तुये साहेब आले. नागपूरवरून समृद्धीनं आले. हार घेऊन आले आईसाठी."

त्याच्या आवाजात कौतुक होतं. एवढा मोठा माणूस आपल्या घरी आला याचं. सुकेशनीनं हातातलं लुगडं पुन्हा एकदा पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं, तरी पिळलं. संचालक कशासाठी आले आहेत हे तिला ठाऊक होतं.

दोन दिवसांपूर्वी तनवीरचा फोन आला होता. तनवीर तिचा जुना विद्यार्थी, आता तिच्याच प्रयोगशाळेत काम करणारा. तो म्हणाला, शीतखोली बंद पडली. तीन सुट्ट्या जोडून आल्या होत्या, कोणी फिरकलं नाही. मंगळवारी सकाळी तो गेला तेव्हा दाराखालून पाणी वाहत होतं. फोन ठेवल्यावर सुकेशनी कितीतरी वेळ चुलीपुढे बसून होती. आलेल्या बायांना वाटलं, आईसाठी बसली आहे.

समुद्रकाठच्या एका सरकारी संस्थेत ती शास्त्रज्ञ होती. अंटार्क्टिकावर वर्षानुवर्षं हिम पडतं, खालचं वरच्याच्या भारानं दाबलं जातं, त्याचा बर्फ होतो, आणि त्या त्या काळची हवा बुडबुड्यांत अडकून राहते. खोल भोक पाडून तो बर्फ दंडगोलांच्या तुकड्यांत वर काढायचा, तसाच गोठलेला इथवर आणायचा आणि त्यातल्या हवेवरून, धुळीवरून पृथ्वी तेव्हा किती तापली होती, किती निवली होती ते वाचायचं, हे तिचं काम. शेलूबाजारच्या बाजारात सायकली दुरुस्त करणाऱ्या किशन इंगोलेच्या मुलीनं हे काम निवडलं तेव्हा मुलाखतीत एकानं हसत विचारलं होतं, तुम्ही वाशिमकडच्या, तुम्हाला थंडी झेपेल का. बाकीचेही हसले होते. तीही हसली होती. पुढे त्या हसण्याचा तिला अनेक वर्षं राग येत राहिला.

मोहिमेसाठी तिनं अर्ज केला तेव्हा सांगितलं गेलं, तिथं बायकांसाठी वेगळं न्हाणीघर नाही. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. दरम्यान तिच्यानंतर लागलेली मुलं जाऊन आली, दाढीवर बर्फ साचलेले फोटो घेऊन आली. शेवटी ती गेली तेव्हा तिनं दोन मोसमांत, सहा जणांच्या तुकडीबरोबर, जवळपास तीनशे मीटर बर्फ वर काढला. सगळ्यांत खालचा तुकडा वीस हजार वर्षांपूर्वीचा होता, हिमयुग ऐन भरात होतं तेव्हाचा. तो हातात घेतला तेव्हा तिनं जाड हातमोजा काढून एकदाच उघड्या बोटानं त्याला स्पर्श केला.

दुसऱ्या मोसमात तिचे वडील गेले. विनोदनं कुठून कुठून नंबर मिळवून उपग्रह फोनवर सांगितलं. वादळ होतं, विमान नव्हतं, जहाज महिन्यानंतर येणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भोकाजवळ उभी राहिली, कारण यंत्र थांबलं असतं तर आतच गोठून बसलं असतं. आलेल्या बर्फातला वरचा तिसरा हिस्सा अभ्यासून व्हायलाच दहा वर्षं गेली. खालचा, खरा महत्त्वाचा भाग शीतखोलीत होता. नवं उपकरण येईपर्यंत त्याला करवत लावायची नाही असं तिनंच ठरवलं होतं.

शीतखोलीचा कॉम्प्रेसर जुना झाला होता. बैठकीत ती तेच तेच सांगत राहिली. लोक घड्याळाकडे बघायचे. पैसे मात्र त्या वर्षी नव्या सभागृहाच्या कामाला गेले. तापमान वाढलं की वाजणारा भोंगा दुपारी पाहुण्यांपुढे वाजला म्हणून कोणीतरी बंद करून ठेवला. आणि आई आजारी आहे कळल्यावर, सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच, सुकेशनी तडकाफडकी निघून आली.

ती पुढच्या खोलीत गेली. संचालक प्लॅस्टिकच्या खुर्चीत कुलरसमोर बसले होते. आईच्या फोटोला मोगऱ्याचा हार घातलेला होता. त्यांनी आईबद्दल विचारलं, वय विचारलं, मान हलवली. पुण्याचा मऊ आवाज होता त्यांचा. विनोदनं चहा आणला आणि दाराशी उभा राहिला. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीची तयारी कुठवर आली तेही संचालकांनी विचारलं. मग चहाचा एक घोट घेऊन ते हळूहळू मुद्द्यावर आले.

सोमवारी दिल्लीहून समिती येणार होती. संचालकांचं म्हणणं साधं होतं. झालं ते झालं, संस्थेचं नाव खराब व्हायला नको. सुकेशनीनं समितीला एवढंच सांगायचं की त्या नमुन्यांचं काम खरं तर आटोपलं होतं, त्यात विशेष काही उरलं नव्हतं. नाहीतर, ते म्हणाले, प्रश्न असाही निघेल की खोलीची जबाबदारी कोणाकडे न सोपवता मॅडम रजेवर कशा गेल्या. आपल्याला तसं काही व्हायला नको आहे. आणि पुढच्या मोहिमेचं नेतृत्व या वेळी तुमच्याकडेच यावं असं माझ्या मनात आहे. खूप आधी यायला हवं होतं, खरं म्हणजे.

तेवीस वर्षं तिनं याची वाट पाहिली होती. ती पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली. विनोद मागोमाग आला.

तिला वाटलं, हा म्हणेल घेऊन टाक. त्याचा चेहरा मात्र उतरला होता.

"ताई, एक सांग मले," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बाबाच्या मातीले तू आली नाही. आमी समद्याईले सांगत फिरलो का ताईचं तिथं लय महत्त्वाचं काम हाय. आई मरेपर्यंत हेच सांगे. आन हा मानूस मनून राह्यला का त्या बरफात काई नोतंच. मंग तू काहून थांबली होती तिथं?"

तिनं माठावरचं झाकण हातात घेतलं होतं, ते तसंच राहिलं. इतक्या वर्षांत त्यानं हे कधीच विचारलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता, आणि तो राग तिच्यावर होता. तिला त्याचं काही वाईट वाटलं नाही. तिला बाहेर बसलेल्या माणसाचा राग आला. तिनं माठातून पेला भरून घेतला.

ती बाहेर आली. पेला त्यांच्यापुढे ठेवला. संस्थेत ती नेहमी पुस्तकी मराठीत बोलायची, अगदी भांडतानाही. आज तोंडातून घरचीच भाषा निघाली.

"साहेब, त्या बरफात काय होतं ते तुमाले ठाऊक नाही. तुमी तो कधी डोयानं पायलाच नाही. त्याच्यापायी मी माह्या बापाचं तोंड पायलं नाही. आन तुमी माह्याच घरात, माह्या मायच्या फोटोखाली बसून मले सांगता का तो बिनकामाचा होता. सोमवारी मी समितीले समदं सांगीन. कॉम्प्रेसरचं बी आन भोंग्याचं बी. कोणी बंद केला, तेबी."

संचालक काही बोलणार होते. तिनं हातानं थांबवलं.

"पानी पिऊन घ्या. उन्हात जायचं हाय तुमाले."

गाडी गेल्यावर विनोद पायरीवर बसला. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. वितळताना तो बर्फ आवाज करतो, हे तिनं त्याला सांगितलं. बारीक तडतड. वीस हजार वर्षं कोंडलेली हवा बुडबुडे फोडून बाहेर पडते. तीन दिवस ती बंद खोलीत तडतडत होती आणि ऐकायला कोणी नव्हतं. विनोदनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग ती आई गेल्यावर रडली नव्हती तेवढी रडली.

सोमवारी तिनं समितीपुढे सगळं सांगितलं. समितीचे लोक सभ्य होते, त्यांनी लिहून घेतलं. दोन महिन्यांनी निष्कर्ष आला, तांत्रिक बिघाड. संचालक दिल्लीला मोठ्या पदावर गेले. सुकेशनीला जबाबदारी न सोपवता रजेवर गेल्याबद्दल लेखी समज मिळाली, आणि मोहिमेचं नेतृत्व तिच्याकडे कामाला लागलेल्या एका तरुणाला मिळालं. तिला कोणीतरी सांगितलं, जाऊ द्या. त्या शब्दांचा तिला संचालकांपेक्षाही जास्त राग आला. कॅन्टीनमध्ये आता तिच्या टेबलाशी बसायला लोक जरा कचरतात. ती एकटी जेवते आणि कोणी भोंग्याचं विचारलं तर जेवण थांबवून, मोठ्यानं, पहिल्यापासून सांगते.

तिनं समितीला सांगितलं त्याच संध्याकाळी तनवीर तिला बंदरावर घेऊन गेला होता. त्या मंगळवारी, कोणालाही न विचारता, घट्ट राहिलेले काही तुकडे त्यानं मासळीच्या एका व्यापाऱ्याच्या शीतगृहात नेऊन ठेवले होते. फोनवर सांगायचं धाडस त्याला झालं नव्हतं. फार नव्हते. तीनशे मीटरांतले कसेबसे नऊ मीटर, तेही सलग नाहीत. मधली हजारो वर्षं गेली होती.

ज्या आठवड्यात मोहिमेचं जहाज निघालं, त्या आठवड्यात बंदरावर ती कोणाला दिसली नाही. ती दुरुस्त झालेल्या शीतखोलीत होती. कापसाचा जाड कोट, दोन हातमोजे. समोर कोळंबीचं चित्र छापलेलं खोकं होतं, त्याला अजून मासळीचा वास येत होता. तिनं त्यातून पहिला तुकडा उचलला, दिव्यासमोर धरून त्यातले बुडबुडे पाहिले, टेबलावर नीट बसवला आणि नव्या उपकरणाची वाट न पाहता तनवीरला करवत सुरू करायला सांगितली.