उजवा नळ गरम पाण्याचा

ही गोष्ट दोन हजार तेरा सालची. सकाळची वेळ. न्हाणीघरातून "आई गं" असा आवाज आला, तशी ती कंगवा केसांतच ठेवून धावली. सासरे बेसिनपाशी हात झटकत उभे होते. तळवा लालबुंद झाला होता.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही गं. उजवा नळ गारचा म्हणाली होतीस ना? तो आज माझ्यावर तापलाय."

तिने त्यांचा हात डाव्या नळाखाली धरला. त्यातून गार पाणी आलं. आदल्या दिवशी प्लंबर दोन्ही नळ नवे बसवून गेला होता. तो जायच्या आधी तिने दोन्ही सोडून पाहिले होते. धार छान होती, गळती नव्हती. पण तेव्हा गीझर बंद होता.

"मी तपासले होते हो, बाबा."

"तपासलेस, पण दोन्ही गार असताना," सासरे म्हणाले. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. काचबिंदूने दृष्टी नेली, खोड्या काढायची सवय मात्र शाबूत होती. "गार नळांना विचारलं, तुमच्यात गरमचा कोण, तर ते काय सांगणार?"

"संध्याकाळी प्लंबरला बोलावते. बदलून घेऊ."

"कशाला? पुन्हा ठोकाठोक, पुन्हा धूळ. उजवा गरमचा, एवढं नीट सांग म्हणजे झालं. मी तुझ्या सांगण्यावर चालतो पोरी, नळांवर नाही."

तिने तळव्याला मलम लावलं आणि कामाला निघाली. पण 'दोन्ही गार असताना' हे शब्द काही डोक्यातून जाईनात.

तिचं काम लोकांना समजावून सांगताना तिची नेहमी दमछाक व्हायची. घरच्या संगणकाला माऊस जोडला की माऊस स्वतःच सांगतो, मी आलो म्हणून. यंत्रांच्या पोटातल्या छोट्या बोर्डांचं तसं नसतं. तिथल्या बहुतेक चिपांना तोंडच नसतं. कोण कुठल्या तारेवर बसलंय, कुणाचा पत्ता काय, हे कुणीतरी लिहून द्यावं लागतं. ते वाचून ऑपरेटिंग सिस्टिम योग्य ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, कामाला लावते आणि ड्रायव्हर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्या सुमारास हे वर्णन वेगळ्या फायलीत लिहायची रीत रुळत होती; त्याला डिव्हाइस ट्री म्हणत. ती हेच लिहायची. नवरा जहाजावरून फोन करी तेव्हा ती म्हणे, "बोर्ड मुका, ड्रायव्हर आंधळा, आणि मधे बोलणारी मी." तो म्हणे, "मग बरोबर माणूस निवडलाय."

तिची कंपनी नवजात बाळांसाठी उबेच्या पेट्या बनवत असे. पेटीत तापमान मोजणारे दोन सेन्सर: एक बाळाच्या अंगाला चिकटवायचा, दुसरा पेटीतल्या हवेचा. या वेळचा बोर्ड नवा होता. "आकार तेवढा बदललाय," असं बोर्ड आखणारा म्हणाला होता, म्हणून तिने जुनंच वर्णन पुढे चालवलं होतं. चाचणीत दोन्ही सेन्सर टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. दोघांनीही एकच तापमान दाखवलं. दाखवणारच.

ती आवारात शिरली तेव्हा पहिली पेटी गाडीत चढत होती.

"थांबा. उतरवा ती," ती म्हणाली.

साहेब चहाचा कप घेऊनच बाहेर आले. "बाई, काल चाचणीवर सही तुम्हीच केलीत."

"केली. आज मागे घेते."

तिने पेटी सुरू करायला लावली आणि अंगाला लावायचा सेन्सर घट्ट मुठीत धरला. पडद्यावर 'बाळ' असं लिहिलेला आकडा जागचा हलला नाही. त्याखालचा 'हवा' हा आकडा हळूहळू चढू लागला.

साहेबांचा चहा तसाच राहिला.

बोर्ड आखणारा पुढे आला. दिवसभर पडद्यावर रेघा ओढतो म्हणून सगळे त्याला रेघोट्या म्हणत. "ताई, मी फक्त दोघांच्या जागा बदलल्या. तारा एकमेकींवरून जात होत्या, फार गबाळं दिसत होतं."

"मला सांगितलंस?"

"सेन्सर दोन्ही सारखेच, त्यात सांगायचं काय, असं वाटलं."

"मी विचारायला हवं होतं, आणि तू सांगायला," ती म्हणाली. "आत बाळ असतं तर यंत्राने हवेलाच बाळ समजून तापवत ठेवलं असतं."

"म्हणजे सगळे बोर्ड नव्याने करायचे?" साहेबांनी विचारलं. "महिना जाईल."

"बोर्डांना हात लावू नका. बोर्ड चांगले आहेत. त्यांच्याबद्दल आपण खोटं सांगितलंय, तेवढं खरं करायचं."

"मग आत्ता करा आणि पाठवा."

"लिहायला वेळ लागणार नाही. पण एक चूक निघाली, तशी दुसरीही असेल. मी बोर्डावरची एकेक तार बघणार, प्रत्येक पेटीचा सेन्सर मुठीत धरून बघणार. आज गाडी जाणार नाही."

"आणि रुग्णालयाला काय सांगू?"

"मी सांगते. जे झालं तेच."

"ते सांगायलाच हवं का?"

"बाळं त्यांची आहेत, साहेब."

फोनवर परिचारिका होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जुनी पेटी कुरकुरतेय, पण आजचा दिवस काढू. उद्या मात्र या हं, ताई. आमच्याकडे एक चिमणी आहे, तिला थांबता येत नाही."

दिवसभर रेघोट्या तारा दाखवत गेला आणि ती वर्णनाशी ताडून बघत गेली. आणखी एक चूक सापडली, पंख्याच्या तारेची. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गाडीत बसून गेली. परिचारिकेच्या हातात सेन्सर देऊन म्हणाली, "आधी मुठीत धरून बघा." 'बाळ' चढलं. मगच ते इवलंसं अंग पेटीत गेलं.

साहेबांनी पुढे कंपनी विकली. आता ते नातवंडांना सायकल शिकवतात. रेघोट्या मोठ्या हुद्द्यावर गेला, तरी एक तार हलवली की आधी फोन उचलतो. परिचारिका निवृत्त झाली. ती चिमणी शाळेत जाते म्हणे. मुठीची चाचणी त्या कंपनीत अजून करतात. कुणी सुरू केली, हे तिथल्या नव्या लोकांना ठाऊक नाही.

सासरे आणखी काही वर्षं जगले. दाढीच्या पाण्यासाठी उजव्या नळाकडे गेलेला त्यांचा हात पुन्हा कधी अडखळला नाही. ते गेल्यावर जहाजावरची नोकरी सोडून नवरा घरी आला आणि म्हणाला, "आता तरी नळ बदलून घेऊ." ती नको म्हणाली.

घरी कुणी आलं की ती न्हाणीघराच्या दारापर्यंत सोबत जाते. "उजवा गरमचा आहे हं," म्हणते.

"अगं, त्यांना दिसतं," नवरा आतून ओरडतो.

ती तरीही सांगते.