टेनाचा वाटा

क्वाश मुकादमानं सकाळी खुंट्या रोवल्या आणि फिब्बी मटकन बांधावरच बसली.

कॅरोलायनाच्या त्या खाडीकाठी भाताची बेणणी, म्हणजे कुदळीनं गवत काढणं, आम्ही गुलाम बायाच करायचो. प्रत्येकीच्या दिवसाच्या कामाचा वाटा खुंट्या रोवून आखलेला. वाटा संपला की उरलेला दिवस आपला, एवढीच काय ती मोकळीक. त्या दिवशी खुंट्या पार पाटापर्यंत सरकल्या होत्या. फिब्बीचं तान्हं खोपटात होतं. दुपारी वाटा संपवून ती त्याला पाजायला पळायची. आता दिवस मावळेस्तोवर तिची सुटका नव्हती.

"ह्यो समदा टेनाचा परताप," मी म्हणाले.

टेनासारखी कुदळ आमच्यात कुणाची चालत नसे. उन्हं डोक्यावर यायच्या आत वाटा उरकून ती आपल्या रताळ्यांच्या वाफ्यात जायची. गोऱ्या कारभाऱ्यानं घोड्यावरून ते पाहिलं आणि सगळ्यांचाच वाटा वाढवला.

"म्या काय करू मावशे? हात आवरत न्हाईत."

"मग त्याच हातांनी फिब्बीचं पोर पाज."

ती पुन्हा कुदळ चालवायला लागली. वैताग असा की तो वाढीव वाटाही तिनं दुपारीच संपवला. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

क्वाश आमच्यातलाच, पण चाबूक त्याच्या हातात. तो म्हणाला, "माझ्याकडं नका बघू. कारभारी म्हनतो, टेनाला जमतं तर समद्यांना जमलं पायजे."

"आन टेनाला न्हाई जमलं तर?" टेनानं विचारलं.

"तर तुझी पाठ सोलावी लागंल मला."

"सोल मग."

दुसऱ्या दिवशी तिनं वाट्याच्या टोकाला गवताचा एक पट्टा तसाच ठेवला आणि कुदळ टाकून बसली. कारभाऱ्याला ठाऊक होतं की हिला सहज जमतं. आम्हा सगळ्यांना उभं करून त्यानं तिला फोडून काढायला लावलं. क्वाश मारत होता आणि रडत होता. मला त्याचाही राग आला.

त्यानंतर आम्हीही प्रत्येकीनं पट्टा सोडायला सुरुवात केली. गवत फोफावायचे दिवस, सगळ्यांच्याच पाठी फोडल्या तर बेणणी कोण करणार? पट्ट्यांमध्ये भात गवतानं गिळला. मालक यायची वेळ झाली, तसा कारभाऱ्याचा जीव टांगणीला लागला. एका सकाळी खुंट्या मुकाट्यानं जुन्या जागी आल्या होत्या.

आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. जे आमचंच होतं ते परत मिळवायला एका बाईचं कातडं गेलं होतं.

टेनाला अजून उभं राहवत नव्हतं. तिचा वाटा आम्ही वाटून घेतला. ती बांधावर पालथी पडून बघत होती. फिब्बी आपला वाटा उरकून कधीच पोराकडे गेली होती.

"मावशे, मुळं ऱ्हायली बघ तिथं. वरवर काय खरवडतीस?"

"गप पड. कुनाच्या भातासाठी जीव काढतीस एवढा?"

"भात त्यांचा," ती म्हणाली. "काम माझं हाय."

तिला शिव्या देत मी मागं फिरले आणि राहिलेली मुळं उपटून काढली.