विहीणबाईंचा स्कार्फ

अनसूयाबाईंच्या पोटात दुखायला एक सुती स्कार्फ पुरला. त्यांची लेक प्रणोती नेपियर टाउनमधल्या कोचिंग क्लासमध्ये शिकवायची. भर उन्हात स्कूटरनं जायची, आणि डोक्या-गळ्याला गुंडाळायची सासूनं घरी शिवलेला स्कार्फ. साधं निळं कापड, कडा दुमडल्या की झालं. त्यात कौतुक करण्यासारखं होतं तरी काय? आईनं विकत आणलेला महागाचा रेशमी मात्र कपाटात पडून.

"काहून गं, माझा टोचते का?"

"टोचत नाही गं, घसरते. आईंनी बनवलेला कसा मस्त बसते. घामपण पिते."

आईंनी म्हणे. सासूला आई म्हणावं हे लेकीला शिकवलं होतं अनसूयाबाईंनीच. आपलेच दात नि आपलेच ओठ.

मग त्यांनी शहरातल्याच गोरखपूर भागातल्या दुकानातून पिस्ता रंगाची साधी मलमल आणली. आधी धुऊन वाळवली, कड सरळ यावी म्हणून एक सूत ओढून कापली. बारीक तुरपाई घातली, टोकांची सुतं मोकळी करून पीळ देऊन गोंडे वळले. सुई बोटात शिरली तरी बाई थांबल्या नाहीत. विहीण राजश्रीबाईंचा स्कार्फ याच्यापुढे पोतेरं दिसला पाहिजे, एवढी एकच जिद्द. प्रणोतीनं तो हातात घेऊन गालाला लावला, तेव्हा त्यांना अगदी भरून पावल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी सासू-सुना दोघी भेटायला आल्या. पिस्ता स्कार्फ राजश्रीबाईंच्या गळ्यात होता. प्रणोतीच्या गळ्यात तोच जुना निळा. अनसूयाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सगळ्यांना मीच शिवून देत असते जी," राजश्रीबाई स्कार्फवर हात फिरवत म्हणाल्या. "मला कोणी हातानं शिवून दिलेलं हे पहिलंच. प्रणोती म्हणाली, आईनं खास तुमच्यासाठी बनवला."

अनसूयाबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक डोळ्यांनीच विनवत होती, सांभाळून घे. चहा होईपर्यंत त्यांनी घेतलंही. पण मत्सराला कुठे लाज असते? पाहुण्या निघाल्या तशा त्या म्हणाल्या, "थांबा विहीणबाई, एक टोक उसवून राहिलं. ठेवून जा, नीट करून देते."

टोक कुठंच उसवलं नव्हतं. राजश्रीबाईंनी न पाहताच स्कार्फ काढून त्यांच्या हातात दिला.

प्रणोतीनं मात्र पाहिलं. दोन्ही टोकं चिमटीत धरून तुरपाईवरून बोट फिरवलं. दारात आल्यावर तिनं आपला निळा स्कार्फ सोडला, सासूच्या डोक्या-गळ्याला नीट गुंडाळला आणि स्वतः उघड्या डोक्यानं स्कूटरवर बसली. ऊन नुसतं रणरणत होतं.

"अगं, ऊन लागंल तुला. हा घे," अनसूयाबाईंनी घाईनं हात पुढे केला.

"उसवलेला आहे न तो, आई," प्रणोती म्हणाली, आणि तिनं स्कूटर सुरू केली.