टेवचं अर्धं कडवं

माझा नवरा चर्चमध्ये डीकन होता, म्हणजे पाद्रीच्या हाताखालचा. पुढच्या बाकावरून तो एक ओळ टाकायचा आणि मागचे सगळे ती उचलून लांबवायचे. पुस्तक कुणाच्याच हातात नसायचं, कारण वाचता येणारेच कमी. मीही त्यातलीच. आमच्याकडे गाणं असंच चालत आलंय, एकानं टाकायचं, दुसऱ्यानं उचलायचं.

नातू क्विन रॅप करायला लागला तेव्हा त्यानं स्वतःचं नाव ठेवलं ‘डीकन टू’. मी म्हटलं, "आजोबाचं नाव लावतोस आणि तोंड गटाराचं!"

"बिग ममा, गटार आपल्याच गल्लीतलं आहे. दुसरं कुठून आणू?"

मेम्फिसच्या उत्तर भागात आमच्या गल्लीसारख्या गल्ल्या पुष्कळ आहेत, पण आमच्या गल्लीचं गाणं आधी कुणी केलं नव्हतं. क्विननं केलं. पेट्रोल पंपावर गाडीची डिकी उघडून तो आपल्या गाण्यांच्या सीड्या विकायचा. मग ट्युपेलोच्या स्केटिंगच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला, मग लिटल रॉकला. पुढच्या दातांवर सोनं चढवून घरी आला, तेव्हा मी मक्याच्या पिठात मासा घोळत होते. म्हटलं, "छप्पर गळतंय आणि हा तोंडाला कौलं घालून आलाय." तो इतका हसला की सगळं सोनं दिसलं.

त्याचा जोडीदार टेव. शेजारच्या लोरेथाचा मुलगा. लोरेथा म्हणजे आमच्या चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवणाऱ्या बायांची मुख्य. पांढरा ड्रेस, पांढरे हातमोजे. तिनं हात वर केला की पाद्रीसुद्धा थांबतो. टेवचा आवाज जाड होता, क्विनपेक्षा चांगला. माझा नातू असला तरी खरं ते खरं.

एका संध्याकाळी लोरेथा आणि मी माझ्या पोर्चवर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. पोरं पायरीवर. टेवनं मांडीवर ठेका धरला आणि नवं कडवं म्हटलं. राशॉनचं. राशॉन म्हणजे पलीकडच्या गल्लीतला पोरगा, गाड्या धुण्याच्या जागी त्याला कुणी गोळ्या घातल्या होत्या, कुणी ते पोलिसांना कळलं नव्हतं. टेव गायला, मी कुठे उभा होतो, तो कसा पळाला, त्याचा पिवळा बूट पायातून कसा निघाला. अर्ध्यावर थांबला. म्हणाला, पुढचं अजून सुचलं नाही.

लोरेथाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती म्हणाली, "जा, तोंड धू. जेवायची वेळ झाली." मी पुन्हा सोलायला लागले. आमच्याकडे असलं विचारत नाहीत. विचारलं की उत्तर मिळतं, आणि मग ते उत्तर घेऊन जगावं लागतं.

पुढच्या उन्हाळ्यात टेव न्हाव्याच्या दारात मेला. कुणी मारलं, तेही कुणी विचारलं नाही.

मातीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. टेवचा फोटो छापलेले टी-शर्ट सगळ्यांच्या अंगात. लोरेथा क्विनपाशी आली आणि त्याचे दोन्ही गाल धरून म्हणाली, "माझ्या पोराचं अर्धं राहिलंय. तू पुरं कर."

"करतो, मिस लोरेथा."

"आणि त्याचं त्याच्यासारखंच ठेव."

म्हणजे ‘मी’ला ‘तो’ करायचं नाही. मेलेल्याचं कडवं पुरं करताना आमची पोरं ‘मी’च म्हणतात. ‘तो’ म्हटलं की त्याला दाराबाहेर काढल्यासारखं होतं. क्विननं टेवचं अर्धं जसंच्या तसं घेतलं, पुढचं स्वतः जोडलं आणि सगळं आपल्या आवाजात गायला. माझ्या नवऱ्याची ओळ मागचे उचलायचे, तशी.

ते गाणं चाललं. गाड्या जायच्या आणि त्या ठेक्यानं माझ्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. टेवच्या वाढदिवसाला लोरेथा चर्चच्या अंगणात निळे फुगे सोडायची, तेव्हा तेच गाणं लावायला सांगायची. अटलांटाहून एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. माझ्या टेबलावर मासा आणि स्पॅगेटी दोनदा वाढून घेतली आणि म्हणाला, "तुमचा नातू मोठा होणार."

"तो मोठाच आहे," मी म्हटलं. "तुमच्या कानाला उशिरा कळलं."

करार व्हायच्या आधी पोलीस आले. राशॉनच्या खुनासाठी क्विनला घेऊन गेले. एका पोरानं खुनाच्या दिवशी क्विनसारखा कुणीतरी लांबून पाहिला होता. बाकी सगळा पुरावा म्हणजे ते गाणं. पिवळ्या बुटाची गोष्ट कधी बाहेर आलीच नव्हती. मारणाऱ्याशिवाय ती कुणाला माहीत असणार, असं त्यांचं म्हणणं.

क्विनच्या बाजूनं लढायला सरकारनं दिलेला वकील, गालावर अजून धड दाढी नाही. तो म्हणाला, "मिसेस क्रचर, ते कडवं कुणाचं होतं हे तो का सांगत नाही?"

"मेलेल्या मित्राला पोलिसांच्या हवाली करत नाहीत म्हणून."

"मग ते मूळ कडवं दुसऱ्या कुणी ऐकलंय?"

"मी ऐकलंय."

"तुम्ही आजी. ज्युरी म्हणेल, आजी काय वाटेल ते सांगेल."

"ज्युरी मला ओळखत नाही म्हणून म्हणेल."

"तेच तर," तो म्हणाला. "दुसरं कुणी?"

दुसरी फक्त लोरेथा.

मी माशाचं ताट घेऊन तिच्याकडे गेले. तिनं ताट घेतलं, झाकण काढलं नाही.

"कशाला आलीस ते माहीत आहे मला, ओझेला."

"मग मला बोलायला लावू नकोस."

"माझी धाकटी केंड्रा रोज शाळेच्या बससाठी राशॉनच्या दारावरून जाते. त्याचे भाऊ पोर्चवर बसलेले असतात. मी कोर्टात टेवचं नाव घेतलं, तर दुसऱ्या दिवशी तिनं कुठून जायचं?"

"तूच क्विनला म्हणाली होतीस पुरं कर. गाल धरून म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"मग?"

"माझ्याकडे त्याचा एक शर्टावरचा फोटो उरलाय. चर्चमधले लोक त्या फोटोकडे बघून म्हणतात, चांगला पोरगा होता. तेवढंही काढून घेशील?"

"तुझा मेलाय, लोरेथा. माझा जिवंत आहे."

तिनं ताट परत माझ्या हातात दिलं. ते गरम होतं अजून. दार लावता लावता म्हणाली, "येईन मी. काय बोलेन ते विचारू नकोस."

या एका वाक्यावर मी तो सगळा महिना काढला.

कोर्टात सरकारी वकिलानं आधी गाणं वाचून दाखवलं. विजेचं बिल वाचावं तसं. ना ठेका, ना श्वास. मग म्हणाला, आता ऐका, आणि गाणं लावलं. त्या लाकडी खोलीत टेवचे शब्द क्विनच्या आवाजात घुमले. क्विन मान खाली घालून बसला होता, पण ठेका आला आणि त्याची हनुवटी हलायला लागली. स्वतःचं गाणं असं मोठ्यानं ऐकून कुठला गवई दगड होऊन बसेल? ज्युरीतल्या एका बाईनं ते पाहिलं आणि शेजारणीकडे बघितलं. बाळा, हलू नकोस, मी मनात म्हणत होते. त्याची टाच पण हलत होती.

लोरेथा आली. पांढरा ड्रेस, पांढरे हातमोजे. आमच्या वकिलानं विचारलं, "हे शब्द मुळात तुमच्या मुलाचे होते का?"

तिनं हातमोज्याचं एकेक बोट ओढून नीट केलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"माझा टेव असलं गायचा नाही," ती म्हणाली. "तो चर्चमध्ये गायचा."

वकील पुन्हा विचारायला गेला. तिनं हात वर केला आणि तो थांबला. सगळेच थांबतात.

क्विननं तिच्याकडे पाहून मान लववली. वडीलधारी बाई समोरून गेली की लववतो तशी. ते मी शिकवलं होतं त्याला.

त्याला जेवढी वर्षं मिळाली, त्यातली थोडीच मी बघणार. तो बाहेर येईल तेव्हा त्याला ओळखणारं या गल्लीत कुणी नसेल. गाणं मात्र आता आधीपेक्षा जास्त चालतं. आत गेलेल्याचं जास्त चालतं. अटलांटाच्या माणसाचा पुन्हा फोन आला नाही.

या वर्षीही टेवच्या वाढदिवसाला फुगे सोडले. मी गेले. न जाऊन दाखवते की काय! लोरेथा नव्या शर्टात उभी होती, तिच्या बाजूला केंड्रा. गाणं लागलं. टेवचं कडवं आलं तेव्हा सगळं अंगण गायला लागलं, मी उभा होतो, मी पाहिलं, मी सोडला नाही. मी लोरेथाच्या तोंडाकडे बघत होते. ते मिटलेलंच होतं.

रविवारी तुरुंगातून क्विनचा फोन आला. आधी एक बाई सांगते की हे बोलणं टेप होतंय. मग तो.

"बिग ममा, फुगे सोडले?"

"सोडले."

"माझं लावलं?"

"लावलं."

"लोक गायले?"

"गायले."

"मिस लोरेथा?"

"सगळ्यात मोठ्यानं," मी म्हटलं.

"मग चांगलं झालं," तो म्हणाला. दातांवरचं सोनं त्यांनी काढून घेतलंय, तरी तो हसला ते मला ऐकू आलं.