देलू आणि लादिदी

"कसलं चक्र काढलंस गं हे? अंडं घातलंय नुसतं!" देलू करवादली.

"अंडं तर अंडं. निदान माझ्या हातून काही निपजतंय तरी," लादिदीने सुई न थांबवता सुनावलं. "तू बस सुऱ्या परजत."

त्या दोघी सवती. नायजेरियातल्या झारियाच्या जुन्या शहरात, मातीच्या उंच भिंतींआडच्या अंगणात, पुरुषांच्या घोळदार झग्यांवर रेशमाचं भरतकाम करण्यात त्यांचा जन्म गेला होता. गळ्याखाली उतरणारी लांब टोकदार नक्षी थोरल्या देलूची. त्या नक्षीला सुऱ्याच म्हणत. छातीवरचं चक्र धाकट्या लादिदीचं. देलूला ही कला तिच्या वडिलांनी दिली. ते सकाळी मुलांना कुराण पढवत आणि दुपारी झगे भरत. लादिदीला ती देलूने शिकवली, शिव्या देत देत. पुढे नवरा गेला, भांडणाचं मूळ गेलं. भांडणाची सवय तेवढी राहिली.

आता लादिदीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती बोटांनी चाचपत टाके घाली आणि चक्र एका अंगाला कलंडे. दुपारी बाजरीचा फुरा दुधात कालवून प्यायली, की तिचा डोळा लागे. मग देलू हलकेच झगा ओढून घेई, वाकडे टाके उसवी आणि पुन्हा भरी. ह्याची वाच्यता तिने कधी केली नाही.

वाळवंटाकडून येणाऱ्या हार्मटन वाऱ्याचा धुरळा सुरू झाला तशी लादिदी तापाने अंथरुणाला खिळली. तशातही एका सरदाराचा झगा मांडीवर घेऊन ती चक्र भरतच राहिली.

"पड की जरा. मेलीस तर माझ्या डोक्याला ताप," देलू म्हणाली.

"एक सांगू? तू माझं काम उसवतेस, ते मला ठाऊक आहे."

देलूचा हात थांबला. "कोण म्हणालं तुला?"

"बोटं म्हणाली. दोनदा सुई गेलेलं कापड मऊ लागतं."

"मग बोलली का नाहीस?"

"जन्मभर तू मला तोडूनच बोललीस. हे एवढं एक माझ्यासाठी न बोलता करत होतीस. म्हटलं, करू दे." लादिदीने डोळे मिटले. "हे मात्र राहू दे, देलू. वाकडं असलं तरी माझं आहे."

पहाटेच्या अजानीनंतर ती गेली. देलूने तिला स्वतः न्हाऊ घातलं. सुयांनी घट्टे पडलेली बोटं एकेक करून धुतली. अंगावर पांढरं कापड लपेटलं. कफनाला नक्षी नसते. माणसं जनाजा घेऊन बाहेर पडली आणि बायका दारात थांबल्या.

आठवड्याने पुतण्या मुंतारी आला. भरलेले झगे बाजारात तोच नेई. त्याने कापड उजेडात धरलं.

"मोठी आई, तुझी एक सुरी राहिलीय ती भरशील, पण हे चक्र पार वाकडं झालंय गं. सरदाराला दरबारात मानाची पगडी बांधायची आहे, चारचौघांत कसं दिसेल? उसव एवढं. नाहीतर मशीनवर मारून घेतो."

देलूने झगा घेतला. सुईचं टोक टाक्याखाली सरकवलं. एक झटका दिला असता तर दोरा तुटला असता. तिने सुई काढून घेतली.

"न्यायचा तर असाच ने."

"कोण घेईल गं असा?"

"मग नको नेऊ."

"अगं पण..."

"मुंतारी, माझ्या सवतीचं काम आहे ते."

तो रिकाम्या हाताने गेला. सरदाराने मशीनवरचा झगा घेतल्याचं पुढे कळलं.

त्या झग्यावरची देलूची शेवटची सुरी अजून भरायची होती. ती चटईवर बसली. कापड ताणून धरायला समोर कोणी नव्हतं. तिने दुसरं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि पहिला टाका घातला.